लोखंडी शेगडीचा जीर्णोद्धार

स्टोव्ह हा शब्द उच्चारतांच महाराष्ट्रांतील जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढें रॉकेलवर फरफरणारा पितळी स्टोव्ह उभा राहतो. थंड मुलखांतील माणसाला त्याच शब्दानें निराळी वस्तु आठवते. चार आखूड पायांवर उभी असलेली, कमरेएवढी उंच, काळी व जड अशी ती लोखंडी पेटी होय. पुढच्या अंगास एक दार, दारांत हवा घेण्याची लहान झडप, आणि मागून निघून छपराबाहेर गेलेली एक काळी नळी. आंत लाकडाचे ओंडके जळतात, पेटीचें अंग तापतें आणि त्या अंगाची ऊब खोलीभर पसरते. या पेटीला पुढें शेगडीच म्हटलें आहे. मात्र कोळशाच्या उघड्या शेगडीशीं तिचें नातें नांवापुरतेंच आहे.

अशी एखादी जुनी शेगडी मोडीच्या भावानें विकत घ्यावी, तिचा जीर्णोद्धार करावा आणि तिच्या जोरावर आपला कारखाना हिंवाळाभर चालू ठेवावा, हा थंड देशांतील लहान कारागिरांचा जुना परिपाठ आहे. काम वरवर सोपें दिसतें. गंज घासला, काळा रंग दिला, नळी जोडली, कीं झालें! परंतु एवढ्यावरच थांबलेल्या शेगड्यांनीं तेथें छपरें जाळलीं आहेत आणि माणसेंही गुदमरविलीं आहेत. म्हणून या कामांत काय काय येतें, तें थोडें विस्तारानें पाहणें इष्ट आहे.

अमेरिकेच्या ईशान्य भागांत व्हरमाँट नांवाचें डोंगराळ व जंगलांनीं भरलेलें एक लहानसें राज्य आहे. तेथें जानेवारींतील रात्रीं पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरणें ही नवलाची गोष्ट नव्हे. अशा ठिकाणीं घराशेजारच्या लांकडी कोठारांत सुतारकाम करणाऱ्या कारागिराची कल्पना करावी. थंडीनें बोटें बधिर झालीं कीं पटाशी हातांत धड धरवत नाहीं, ही त्याची पहिली अडचण. पण ती सर्वांत मोठी नव्हे. खरी अडचण सरसाची आहे. हल्लीं सर्वत्र वापरांत असलेला पांढरा सरस सुमारें दहा अंशांखालीं धड जमत नाहीं. तो वाळून खडूच्या भुकटीसारखा होतो व सांधा हिसक्यासरशीं सुटतो. जनावरांच्या कातड्यापासून केलेला जुना सरस तर गार लाकडाला लागतांक्षणींच थिजतो. तेव्हां कारखान्यांत ऊब नसेल, तर खुर्च्या-मेजांचें काम नोव्हेंबरांत थांबतें तें एप्रिलांतच सुरू होतें, आणि त्याबरोबर घरांत येणारा पैसाही थांबतो. तेलाची किंवा वायूची भट्टी बसविणें महाग पडतें. लाकूड मात्र त्याच्याच रानांत उभें असतें.

शेगड्यांचा तेथें तुटवडा नाहीं. एकोणिसाव्या शतकांत न्यूयॉर्क राज्यांतील ट्रॉय व ऑल्बनी या गांवीं शेगड्या ओतण्याचे मोठमोठे कारखाने होते. त्या काळांतील खेड्यांतील एकशिक्षकी शाळा अशाच एका शेगडीवर ऊब घेत. जवळच्या बाकांवरील मुलें भाजून निघत आणि कोपऱ्यांतलीं कुडकुडत. पुढें तेलाच्या भट्ट्या आल्या व लाकडाची शेगडी मागें पडली. १९७३ सालीं तेलाची टंचाई होऊन भाव भडकले, तेव्हां ती पुन्हां घरोघर आली. त्या वेळीं घेतलेल्या अनेक शेगड्या आज कोठारांच्या कोपऱ्यांत गंजत पडल्या आहेत. लाकडें वाहून म्हातारा झालेला मालक त्या थोडक्यांत देऊन टाकतो. स्वस्ताईचें हें कारण निर्दोष आहे. पण दुभती म्हैस कोणी उगीच स्वस्तांत विकीत नाहीं, हेंही घेणाऱ्यानें विसरूं नये.

शेगडी घेण्यापूर्वीं ती ज्या धातूची केलेली असते त्याचा स्वभाव माहीत असला पाहिजे. तो धातु म्हणजे बीड, अर्थात् वाळूच्या साच्यांत ओतलेलें लोखंड. यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा दोन ते चार असतें. त्यामुळें तें सहज वितळतें, साच्यांतील वेलबुट्टीही हुबेहूब उचलतें, आणि उष्णता बराच वेळ धरून ठेवतें. परंतु त्याच कर्बामुळें तें ठिसूळही असतें. दाब तें भरपूर सोसतें; ताण मात्र सोसत नाहीं. पोलादाचा पत्रा ठोका बसल्यावर वांकतो, बीड तडकतें. तापलेल्या शेगडीवर बर्फाळ पाणी पडलें, किंवा थंडगार शेगडींत एकदम मोठा जाळ केला, तर एक भाग फुगतो, दुसरा आहे तसाच राहतो आणि मध्येंच तडा जातो. सुमारें साठ सेंटिमीटर लांबीची बिडाची पाटी तीनशें अंशांनीं तापली म्हणजे जवळजवळ दोन मिलिमीटर वाढते. या दोन मिलिमीटरांना जागा मिळाली नाहीं, तर त्या आपली जागा आपणच करून घेतात.

म्हणून परीक्षेचा मुख्य विषय तडा हा आहे. अंधाऱ्या जागीं शेगडीच्या पोटांत दिवा ठेवावा व दार लावून बाहेरून पाहावें. जेथें जेथें उजेडाची रेघ दिसेल, तेथें फट आहे असें समजावें. मात्र सगळ्या फटी सारख्या नसतात. दोन पाट्यांच्या सांध्यांतून येणारा उजेड म्हणजे जुनें सिमेंट गळून गेल्याची खूण. तो दोष दुरुस्त होतो. पाटीच्या अंगांतूनच नागमोडी रेघ दिसली, तर तो तडा होय. आंतली जाळी, ज्वाळा अडविणारी आडवी पाटी, राखेचा खण, असे सुटे भाग तडकलेले असले तरी बदलतां येतात. परंतु ज्या पेटींत प्रत्यक्ष जाळ होतो, तिच्या भिंतीला अगर माथ्याला आरपार तडा असेल, तर ती शेगडी जिथें आहे तिथेंच सोडून यावें, मग ती फुकट मिळत असली तरी.

तडा सांधतां येणार नाहीं का, असें येथें कोणी विचारील. सांधतां येतो, पण तें काम घरगुती नव्हे. बिडाची पाटी सगळी अगोदर तापवावी लागते, निकलयुक्त कांडीनें सांधा भरावा लागतो, आणि नंतर ती राखेंत पुरून अतिशय सावकाश निवूं द्यावी लागते. गार पाटीवर तसेंच वेल्डिंग केलें, तर सांधा टिकतो व त्याच्या शेजारीं नवा तडा जातो. जाणत्या कारागिराकडून हें करून घेण्याचा खर्च बहुधा शेगडीच्या किंमतीहून अधिक होतो.

माठ घेतांना बायका तो बोटानें वाजवून पाहतात. बिडाचीही तीच परीक्षा आहे. निर्दोष पाटी हलक्या हातोडीनें वाजविली तर घंटेसारखा नाद देते, तडकलेली पाटी बद्द वाजते. मात्र जोडलेल्या शेगडींत पाट्या एकमेकींस धरून असतात व नाद दबतो. म्हणून ही परीक्षा सुटे भाग केल्यावरच खरी ठरते. पाटीचें पोट बाहेर फुगलेलें दिसलें, तर ती शेगडी कधीं तरी लाल होईपर्यंत तापविली गेली होती असें समजावें. गंजाची भीति मात्र लोक उगीच बाळगतात. वरवरचा तांबडा गंज हा नुसता आळसाचा पुरावा आहे. आरीच्या टोंकानें टोचल्यावर जेथें पापुद्रे सुटून खळगा पडतो, तेथेंच काळजी करावी. आणि नुकताच काळा रंग दिलेली, चकाकणारी जुनी शेगडी पाहिली कीं अधिक सावध व्हावें. सिमेंटनें बुजविलेला तडा रंगाखालीं छान झांकतो.

एखादा भाग हरवलेला असेल, तर जुना भाग साचा म्हणून वापरून नवा ओतून घेण्याची कल्पना पुष्कळांस सुचते. त्यांत एक गंमत आहे. बीड निवतांना फुटामागें सुमारें एक अष्टमांश इंच आकसतें. त्यामुळें जुन्या दारावरून ओतलेलें नवें दार मूळ दारापेक्षां तेवढें लहान निघतें व चौकटींत सैल बसतें. साचे करणारे मुळांतच लाकडी नमुना थोडा मोठा करतात, तें याच कारणासाठीं.

शेगडी पसंत पडून घरीं आली, कीं ती पूर्ण उकलणें हेंच शहाणपणाचें. प्रत्येक पाटीवर खडूनें क्रमांक घालावा आणि उकलण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं. गंजलेले बोल्ट हा या कामांतील सर्वांत चेंगट भाग होय. त्यांवर गंज सोडविणारें तेल सोडून दोन-तीन दिवस वाट पाहावी. थोडी उष्णता द्यावी. पुन्हां तेल सोडावें. तरीही जो बोल्ट फिरणार नाहीं तो कापून किंवा गिरमिटानें पोखरून काढावा. बोल्ट चार पैशांचा असतो. तो ज्या बिडाच्या कानांत बसलेला असतो, तो कान जोर करून मोडला तर सारी पाटी वायां जाते.

येथेंच एका धोक्याची सूचना देणें जरूर आहे. दाराच्या कडेनें खांचेंत एक दोरी बसविलेली असते, तिच्यामुळें दार घट्ट लागतें. जुन्या शेगड्यांतून ही दोरी पुष्कळदां अॅस्बेस्टॉसची असे. कांहीं जुन्या सिमेंटांतही तें मिसळलेलें असे. त्याचे सूक्ष्म तंतु श्वासाबरोबर फुफ्फुसांत शिरले, तर तेथेंच राहतात आणि वीस-तीस वर्षांनीं कर्करोगासारखे असाध्य रोग उत्पन्न करतात. अशी दोरी कोरडी खरडूं नये, तारेच्या ब्रशानें तर मुळींच घासूं नये. संशय असल्यास ती तपासून घेऊन जाणत्या माणसाकडूनच ओली करून काढवावी. दुकानांत आतां तिच्याऐवजीं कांचेच्या तंतूंची दोरी मिळते.

त्यानंतर गंज घासणें आलें. त्यांत सांगण्यासारखें फारसें नाहीं. तारेचा ब्रश, नाकावर योग्य मुखवटा आणि वेळ एवढें असलें कीं तें होतें. घासलेलें बीड उघडें ठेवलें तर एका दमट रात्रींत पुन्हां तांबूस होतें, म्हणून पुढचें काम लांबणीवर टाकूं नये.

पाट्या पुन्हां जोडतांना सांध्यांत भट्टीचें सिमेंट भरतात. घरें बांधण्याच्या सिमेंटशीं याचा संबंध नाहीं. यांत मुख्यतः सोडियम सिलिकेट असतें व तें उष्णतेनें कठीण होतें. खांच स्वच्छ करून, किंचित् ओली करून मग तें भरावें. बोल्ट आवळतांना हात आवरता घ्यावा. वर सांगितलेले ते दोन मिलिमीटर येथें आठवावेत. फार आवळलेली शेगडी पहिल्याच कडक थंडींत तडकते. बोल्टांना ग्रॅफाइटचें वंगण लावलें, तर पुढच्या खेपेस उकलणारा दुवा देईल.

दाराची नवी दोरी खांचेंत चिकटवून झाली, कीं कागदाच्या पट्टीनें तिची परीक्षा करतात. पट्टी दारांत धरून दार लावावें व ती ओढून पाहावी. सहज निसटली तर दार तेथें सैल आहे. थोडा जोर लागला तर ठीक. चारी बाजूंनीं ही परीक्षा करावी, विशेषतः बिजागरीच्या बाजूस, कारण तेथें कोणी पाहत नाहीं. या परीक्षेवर इतका भर देण्याचें कारण असें, कीं बंद शेगडींतील जाळाचा लगाम हवेच्या झडपेच्या हातीं असतो. दार सैल असेल तर झडप बंद करूनही हवा आंत जात राहते, आणि जाळ मालकाचें ऐकत नाहीं. अंगाला काळें करण्याचें काम त्या मानानें शोभेचें आहे. ग्रॅफाइटचें मलम चोळावें किंवा उष्णता सोसणारा रंग द्यावा, दोन्ही चांगले.

येथवर शेगडी सिद्ध झाली. परंतु शेगडी हें यंत्राचें अर्धेंच अंग आहे. उरलेलें अर्धें म्हणजे धुराडें, आणि खरें बळ त्याच अर्ध्यांत असतें. ज्यांनीं पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब पेटविला आहे, त्यांस ही गोष्ट चटकन् पटेल. बंबाच्या मधल्या नळकांड्यांत ढलप्या पेटल्या आणि नळकांडें एकदां तापलें, कीं खालून हवा आपोआप ओढली जाते व बंब घुमूं लागतो. नळकांडें गार असतांना मात्र तोच धूर डोळ्यांत येतो. शेगडींतही हेंच घडतें. शून्य अंशावर एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १३०० ग्रॅम असतें, दोनशें अंशांवर तें सुमारें ७५० ग्रॅम भरतें. धुराड्यांतील हलकी हवा वर चढते आणि बाहेरची जड हवा तिच्या जागीं शेगडींत शिरते. पण या ओढीचें माप किती? साडेचार मीटर उंचीच्या धुराड्यांत ती भरते अवघ्या अडीच मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकी. फुंकणींतील एक हलकी फुंकर याहून जोरदार असते. एवढ्याशा बळावर सगळा धूर बाहेर जावयाचा असतो. म्हणून नळीला एक वळण अधिक दिलें, धुराडें दोन फूट कमी केलें किंवा तें गार राहिलें, कीं धूर खोलींत परततो.

यावरून धुराड्याचे नियम आपोआप निघतात. नळी शक्यतों सरळ न्यावी, दोनांहून अधिक वळणें देऊं नयेत. छपराबाहेर तें कमींत कमी तीन फूट वर यावें, आणि दहा फुटांच्या आंत असलेल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षां दोन फूट उंच असावें, असा अमेरिकेंतील अग्निसुरक्षेचा नियम आहे. खोलींतली साधी पत्र्याची नळी छतांतून अगर भिंतींतून नेऊं नये. तेथून पुढें दोन पदरांचें, मध्यें उष्णतारोधक भरलेलें धुराडें असावें लागतें. नळ्यांचे तुकडे जोडतांना वरच्या नळीचें टोंक खालच्या नळीच्या आंत बसवावें. पुष्कळ लोक हें उलट करतात. त्यांना वाटतें, धूर वर जातो तेव्हां वरची नळी बाहेरून असावी. परंतु धुरांतून निघणारा ओला, डांबरासारखा रस खालीं ओघळत असतो. जोड उलटा असला तर तो नळीच्या बाहेरून टपकतो.

हा डांबरी रस म्हणजेच क्रिओसोट, आणि शेगडीच्या मालकाचा खरा वैरी हाच. धूर सुमारें १२० अंशांखालीं निवला, कीं त्यांतील वाफा धुराड्याच्या भिंतीवर थिजतात व थरावर थर चढतात. एखाद्या दिवशीं मोठ्या जाळाची ठिणगी त्या थराला लागते आणि धुराड्याच्या आंतच आग भडकते. तिची उष्णता हजार अंशांपलीकडे जाऊं शकते. अशा वेळीं धुराडें आगगाडीसारखा आवाज करतें. उपाय दोन : वर्षांतून निदान एकदां धुराडें ब्रशानें साफ करणें, आणि सुकें लाकूड जाळणें.

सुक्या लाकडाविषयीं थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडांत जवळजवळ निम्में वजन पाण्याचें असूं शकतें. दहा किलो ओलें लाकूड घेतलें, तर त्यांत पांच किलो पाणी आणि पांच किलो खरें लाकूड. या लाकडापासून सुमारें २२ हजार किलोकॅलरी उष्णता मिळावयाची. पैकीं पाण्याची वाफ करण्यांत सुमारें तीन हजार जातात. म्हणजे सातवा हिस्सा. एवढ्यावरून कोणी म्हणेल, फारसें बिघडलें नाहीं! परंतु खरें नुकसान या हिशेबांत दिसतच नाहीं. लाकूड तापलें म्हणजे त्यांतून ज्वलनशील वायु निघतात, आणि लाकडाची निम्म्याहून अधिक उष्णता त्या वायूंतच असते. ते पेटण्यास सुमारें सहाशें अंशांची आंच लागते. पाणी जळणाला तेवढें तापूंच देत नाहीं. मग ते वायु न जळतां धुराड्यांत जातात व तेथें क्रिओसोट होऊन बसतात. ओल्या लाकडाचा मालक असा दोनदां नाडला जातो; ऊब मिळत नाहीं, आणि आगीचें सामान मात्र छपरांत सांठतें.

म्हणून लाकूड फोडून, वरून झांकून व बाजूंनीं वारा लागेल असें रचून निदान सहा महिने, ओकसारखें असल्यास दोन वर्षें, ठेवतात. ओलावा वीस टक्क्यांच्या खालीं यावा लागतो. तो मोजण्याचें लहान यंत्र मिळतें. मात्र तें ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाला न लावतां ताज्या फोडलेल्या तोंडाला लावावें. यंत्र नसल्यास दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. सुके असले तर खणखणतात, ओले असले तर थपथप वाजतात. मेपल, बर्च, ॲश, बीच हीं व्हरमाँटच्या रानांतलीं चांगलीं जळाऊ लाकडें होत.

कारखान्यांतील शेगडीची गोष्ट घरांतील शेगडीहून अधिक नाजूक आहे, आणि तें सुतारांच्या ध्यानांत फार उशिरां येतें. ज्वलनशील पदार्थ शेगडीपासून छत्तीस इंच दूर असावेत असा तेथील नियम आहे. भिंतीपुढें एक इंच मोकळी जागा सोडून पत्र्याचा आडोसा उभा केला, तर हें अंतर बारा इंचांवर आणतां येतें. कारण आडोशामागून थंड हवा सतत वर वाहते. हें अंतर लोकांना फाजील वाटतें. भिंतीला हात लावून ते म्हणतात, नुसती कोमट तर आहे! परंतु वर्षानुवर्षें तापत राहिलेलें लाकूड हळूहळू कोळशाच्या जातीचें होत जातें आणि पूर्वीं ज्या उष्णतेनें त्याला कांहीं झालें नसतें, त्या उष्णतेनेंही पुढें पेट घेऊं शकतें. दहा वर्षें कांहीं झालें नाहीं, हा अकराव्या वर्षाचा जामीन नव्हे.

त्यांतून सुताराचा कारखाना म्हणजे भुशाचें आगर. हवेंत तरंगणारा बारीक भुसा ठिणगीनें भडकतो. मूठभर भुसा जळत्या शेगडींत भिरकावला, तर ज्वाळा दारांतून तोंडावर येते. रंग, स्पिरिट, लॅकर यांच्या वाफांचा तर प्रश्नच नको. ज्या दिवशीं रोगण करावयाचें, त्या दिवशीं शेगडी विझलेली व गार असली पाहिजे. जवसाच्या तेलाच्या चिंध्या तर शेगडीची वाटही पाहत नाहींत. चुरगाळून ठेवल्या तर आपोआप तापून पेटतात. मोटारी ठेवण्याच्या जागेंत तेथील नियम लाकडाच्या शेगडीला मुळीं थाराच देत नाहींत.

कामांतून उरलेले तुकडे जाळण्याचा मोह होतो, तोही आवरावा लागतो. साधें, कोरडें, रंग न दिलेलें लाकूड चालतें. प्लायवूड, रंगविलेलें लाकूड, आणि वाळवी लागूं नये म्हणून औषध पाजलेलें लाकूड कदापि चालत नाहीं. अमेरिकेंत २००३ सालाच्या अखेरीपर्यंत घरगुती कामाच्या अशा लाकडांत सोमलाचा अंश असे. जुन्या कठड्यांतून व ओट्यांतून निघालेलें तें लाकूड अजूनही हातीं येतें. त्याचा धूर विषारी, आणि राखही विषारी.

आणखी एक गोष्ट. भुसा ओढून घेणारा पंखा जर खोलींतील हवा बाहेर फेंकीत असेल, तर त्या अडीच मिलिमीटरांच्या ओढीला तो सहज हरवितो. मग धुराड्यांतून बाहेरची हवा खालीं येते, आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड खोलींत शिरतो. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक चिकाटीनें जडतो. डोकें दुखूं लागतें, मळमळतें, झोंप येते, आणि माणूस दमलों म्हणून बसतो तो उठतच नाहीं. ज्वाळा विझून नुसते निखारे उरले म्हणजे धूर दिसत नाहीं, म्हणून लोक निर्धास्त होऊन धुराड्याची झडप लावून घेतात. हा वायु मात्र त्याच वेळीं विशेष होतो. खोलींत त्याची सूचना देणारी घंटा बसविल्याखेरीज अशी शेगडी पेटवूंच नये. महाराष्ट्रांत बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणारांचीही तीच गत होते.

पहिला जाळ पेटविण्यापूर्वीं विम्याच्या कंपनीला कळविणें व स्थानिक तपासनिसाला काम दाखविणें, हीं दोन कामें कारागीर कंटाळ्यानें टाळतात. न कळवितां बसविलेल्या शेगडीनें आग लागली तर विम्याचा दावा फेटाळला जाऊं शकतो. मग कोठारही गेलें आणि हत्यारेंही गेलीं. शिवाय कांहीं राज्यांत धुरासंबंधींचे कायदे कडक आहेत. अमेरिकन सरकारनें १९८८ मध्यें नव्या शेगड्यांच्या धुरावर प्रथम मर्यादा घातली; त्यापूर्वींच्या शेगड्यांना तें प्रमाणपत्र नाहीं. ऑरेगॉन राज्यांत घर विकतांना अशी शेगडी काढून टाकावी लागते. ज्याला निवड करतां येईल त्यानें शंभर वर्षांच्या सुंदर शेगडीऐवजीं १९८८ नंतरची, प्रमाणित पण जुनी शेगडी शोधावी हें बरें. ती तेवढ्याच लाकडांत अधिक ऊब देते व धुराडें कमी माखते. वेलबुट्टी मात्र तिच्यावर नसते.

पहिला जाळ मोठा करूं नये. काड्या व कागद यांचा लहानसा जाळ करून तो विझूं द्यावा; दुसरा थोडा मोठा, तिसरा त्याहून मोठा, आणि प्रत्येकानंतर शेगडी पूर्ण निवूं द्यावी. यानें सिमेंट हळूहळू सुकतें व पाट्या आपापल्या जागीं बसतात. नव्या रंगाचा उग्र धूर या वेळीं निघतो, म्हणून दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या. थंडीच्या दिवसांत तें जिवावर येतें. त्यामुळें जाणते लोक हा विधि सप्टेंबरांतच उरकून घेतात.

राखेविषयीं एवढेंच सांगावयाचें. राखेंत गाडलेला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो. कागदी पिशवींत अगर लांकडी पेटींत भरलेल्या राखेनें पुष्कळ घरें जाळलीं आहेत. झांकणाची पत्र्याची बालदी घ्यावी, ती घराबाहेर दगडावर ठेवावी. मात्र शेगडीच्या तळाशीं इंचभर राख राहूं द्यावी. तिच्यानें तळ भाजत नाहीं व निखारे टिकतात.

मे महिन्यांत शेवटचा जाळ विझला, कीं ही उरलेली राखही काढून टाकावी लागते. उन्हाळ्यांतील दमट हवेनें राख ओली होते, तिचा क्षार सुटतो, आणि हिंवाळाभर ज्या लोखंडाला जाळानें कांहीं केलें नाहीं त्याला तो चार महिन्यांत खातो. नळ्या उतरवून साफ कराव्या, पोटांत तेलाचा हात फिरवावा, आणि दार किंचित् उघडें ठेवावें. ऑक्टोबरांत पुन्हां जाळ करण्यापूर्वीं आरसा घेऊन धुराड्याच्या तळांतून वर पाहावें. आकाशाचा तुकडा दिसला तर मार्ग मोकळा; न दिसला तर एखाद्या पाखरानें उन्हाळ्यांत तेथें घरटें केलेलें असतें.